निळ्या ड्रमवरचं खरवडलेलं लेबल

भंगारवाल्यानं मला फसवलं, आणि मी मात्र त्यालाच फसवल्याच्या आनंदात घरी आले.

चाकण रस्त्याला त्याचं दुकान आहे. कंपन्यांतून आलेले निळे प्लास्टिकचे ड्रम तो विकतो. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे चाळीत प्रत्येक दारात असा एक ड्रम असतोच. हातगाडी ढकलत ढकलत मी भोसरीत भाजीचा गाळा उभा केलाय. भाव पाडण्यात मला हरवणारा अजून भेटायचाय. ड्रमात डोकं घालून मी ओरडले, "वास मारतोय की, भाऊ!"

"कंपनीचा साबण असतोय, ताई. दोन पाणी मारा, जाईल."

"मग अर्ध्यात दे. झाकण फुकट."

दिला त्यानं. टेम्पोत मी गाणं म्हणत होते!

आम्ही नवरा-बायको दिवसभर कामावर, तिथलंच पाणी पिणार. घरी आजीजवळ असायची ती सहा वर्षांची लेक. उन्हाळाभर ती त्या ड्रमातलं पाणी प्यायली. एका सकाळी तिचे डोळे सुजून बंद झाले. लघवीला साबणासारखा फेस.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. मूत्रपिंडांना सूज होती, लघवीतून प्रथिनं जात होती. "घरी पाणी कशात साठवता?" त्यांनी विचारलं. मी ड्रमचं सांगितलं, आणि सवयीनं केवढ्याला पाडून आणला तेही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ड्रममुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते पाणी आजपासून बंद. लहान मुलांची मूत्रपिंडं असली रसायनं सोसत नाहीत."

कित्येक महिने औषधं चालली. मागच्या महिन्यात रिपोर्ट आला: लघवी स्वच्छ! दवाखान्यातच मी लेकीला उचलून गरगर फिरवलं. नर्स म्हणाली, "अहो, हा दवाखाना आहे!" लेक म्हणाली, "आई, अजून!"

तिला घरी सोडलं आणि तडक तो ड्रम टेम्पोत घातला. भंगारवाल्याच्या दारात धाडकन आपटला. गर्दी जमली. तो गल्ल्यावरून हललासुद्धा नाही.

"ताई, वास तर तुम्हालाच आधी आला होता. त्यावरच भाव पाडलात ना?"

लोक हसले. खरंच होतं ते. नाकाला कळलेली गोष्ट मी भाव पाडायला वापरली. तेवढा दोष माझा, आणि तो मी जन्मभर वागवीन.

मग मी ड्रम फिरवला. पोटावर लेबलाची हातभर जागा पत्र्यानं खरवडलेली होती. दुकानातल्या एकूण एक ड्रमवर तशीच.

"मला नुसता वास आला होता. नाव तू वाचलं होतंस. नाहीतर खरवडलंस कशाला?"

उत्तर टाळायला त्यानं फोन कानाला लावला. आजही मी दिसले की लावतोच. मीही रोज गाळा बंद करून त्याच्या दारात उभी राहते आणि एवढंच विचारते: त्या लेबलवर काय लिहिलं होतं? आणि ज्या कंपनीनं न धुता ते ड्रम तुला दिले, तिचं नाव काय? बोल!