रेपु, रेपु

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

पांढरकवड्याच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असला की एक गाणं उठतं. अर्धे लोक विचारतात, "कवा येशीन रे, सांग ना मले?" उरलेले ओरडतात, "रेपु वस्ता, रेपु वस्ता." निम्मं मराठी, निम्मं तेलुगू. उद्या येतो, उद्या येतो. समोरच्यांचा गोल होत नाही, म्हणून चिडवायचं. बँडवाले वाजवतात, हमाल गातात, मास्तरही गातात. गावाला या गाण्याचा मोठा अभिमान. माझं डोकं फिरतं. पण गावावर कशाला चिडू? गाणं मी केलंय.

सामन्यासाठी नव्हे. गिरजासाठी.

गिरजा आणि मी कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, एका ढिगाला बसून कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेचायचो. तिला नवऱ्यानं टाकलेलं. आदिलाबादकडचा पोचन्ना ट्रक घेऊन कापसाच्या गाठी न्यायला यायचा. निघताना तिला म्हणायचा, रेपु वस्ता. एकदा गेला तो आलाच नाही. त्या दोन शब्दांवर ती थांबून होती — आणि हे तिनं फक्त मला सांगितलं होतं.

मी काय केलं? एका हळदीला बाया नावं घेऊन एकमेकींची टिंगल करत गात होत्या. मी तिचं नाव घालून हे म्हटलं. का? मला घर होतं, नवरा होता, लेकरं होती. तिच्याजवळ तेवढे दोन शब्द. तेही मला बघवले नाहीत. बाया पोट धरून हसल्या. वाजंत्र्यांनी चाल उचलली, पोरांनी ती मैदानावर नेली. नाव गळलं. बाकीचं राहिलं.

गिरजा त्या हळदीला नव्हती. तिनं ते मैदानाच्या कडेनं घरी जाताना ऐकलं. सकाळी मला विचारलं, "लोकायले हे कोनं सांगतलं व?"

"मले काय मालूम? तुह्या डायवरनंच सांगतलं असन हाटेलात. हसला असन तुह्यावर."

वर तोंड करून बोलले मी. तिनं खरं मानलं.

आणि मग तो आला. ट्रकातून उतरला तो काठी टेकत, एक पाय ओढत. इतके दिवस का आला नाही, हे विचारायचीही गरज नव्हती. जिनाच्या गेटावर उभा राहून मोडक्यातोडक्या मराठीत गिरजा कुठं आहे ते विचारत होता. ती ढिगामागून उठली नाही.

"सांग त्याले," मला म्हणाली, "रेपु."

ढिगापासून गेटापर्यंत जायला वेळ लागतो. एक वाक्य पुरलं असतं — तिला, नाहीतर त्याला. मी गेले आणि 'रेपु' म्हणाले.

त्यानं ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिनं पुन्हा तेच सांगायला पाठवलं, मी पुन्हा तेच सांगितलं. गेटावरच्या हमालांनी ऐकलं आणि टाळ्या वाजवत गाणं सुरू केलं. तो ऐकत उभा राहिला. स्वतःचेच शब्द. मग काठी आत टाकून ट्रकात चढला.

मी परत येऊन तिच्या शेजारी बसले आणि कवडी वेचू लागले.