बाकाच्या टोकाला बसणारे डॉक्टर

पोस्टकार्ड आलं तेव्हा माझ्या दवाखान्यात दुपारची गर्दी होती. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळे हाताला कोयता लागलेला एक माणूस टाके घालून घ्यायला बसला होता. कार्डावरचं अक्षर कुणा शाळामास्तरांचं असलं तरी बोल हौसाबाईंचे होते, हे पहिल्या ओळीतच कळलं. 'दाक्तर गेले. बाकावर बसल्या बसल्या गेले. तुमास्नी कळवावं म्हनून लिवलं.' मी कार्ड टेबलाच्या खणात टाकलं आणि टाके पुरे केले. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचं मला नंतर फार वाईट वाटलं. थरथरू न देण्याचं शिक्षण ज्यांनी दिलं, त्यांच्याच मरणाची ती बातमी होती.

डॉ. मोघे हे नाव या पुरवणीच्या वाचकांनी ऐकलेलं नसणार. अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढे, डोंगरातल्या एका वाडीत त्यांचा कौलारू दवाखाना होता. भोवताली ठाकर आणि महादेव कोळ्यांची वस्ती. औषधं देणं हे सरांच्या लेखी दुय्यम काम. खरं काम म्हणजे कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आमच्यासारख्या पोरापोरींना तिथे ठेवून घेऊन, पुढे त्या डोंगराचा भार उचलण्याजोगं करणं. "डॉक्टर पोत्यानं मिळतात हो, मला इथला कारभारी हवाय," असं ते म्हणत. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर मी तिथे पोचले, ती कडक इस्त्रीच्या साडीत आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून. सरांनी तो काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "महिनाभर नुसतं ऐका, डॉक्टर." आम्हा सगळ्यांना ते पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करत. दवाखान्याच्या सुईण हौसाबाई, साठीच्या ठाकर बाई, माझ्या साडीकडे बघून पदराआड हसल्या. "बाई, ह्या लुगड्यानं वढा कसा वलांडशाल?" दुसऱ्या दिवशी मी ओढ्यात पडले, हे सांगायला नकोच.

तपासणीच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि भिंतीलगत रोग्यांसाठी एक लांब बाक. आठवड्यातून दोनदा खुर्चीचा दिवस असे. त्या दिवशी खुर्चीत आमच्यापैकी कुणीतरी बसायचं आणि सर बाकाच्या अगदी टोकाला, रोग्यांच्या रांगेत. मान खाली, हात मांडीवर. सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत ते एक शब्द बोलत नसत. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, कुणासाठी जीप मागवायची, सगळं खुर्चीतल्याने ठरवायचं. डोळ्यांदेखत जीव जात असेल तरच ते उठणार, एरवी नाही. पाचला हौसाबाई त्यांच्या हातात चहा देत, तेव्हा मौन सुटे. मग आमची जी काय खरडपट्टी निघायची ती निघे. "मी नसेन तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघणार आहात?" एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं. वाडीतल्या लोकांनाही सवय झाली होती, खुर्चीच्या दिवशी सरांना कुणी रामराम घालत नसे.

भिंतीवर सरांनी केलेला एक तक्ता होता, त्याचा त्यांना भारी अभिमान. तिथल्या बायका तारीख सांगत नसत. राब भाजले तेव्हा, आवणी संपली तेव्हा, नागली काढली तेव्हा, असा त्यांचा शेतीच्या कामांवरचा हिशेब. कुठलं काम म्हणजे कुठला महिना, ते तक्त्यात लिहिलं होतं. आवणी म्हणजे भाताची लावणी, आणि ती संपली की श्रावण.

चैत्रात एका खुर्चीच्या दिवशी वरच्या वाडीतली भागी आली. पहिलटकरीण, अंगाने काडी, कंबर दुखते म्हणत होती. शेवटची पाळी कधी, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आवणी सपली तवा." मी तक्ता पाहिला, बोटं मोजली. अजून महिना होता. मूल आडवं लागत होतं, पण महिनाभरात फिरेल. पोटही लहान होतं, तेव्हा हिशेब जुळलाच. हौसाबाईंनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, हिला जाऊ दिऊ नका. दिस भरल्यात हिचं. आता काय फिरतंय ते पॉर?" मी तक्त्याकडे बोट दाखवलं. मला शिकवलंच तसं होतं, खुर्चीत बसणाऱ्याने डगमगायचं नाही... हौसाबाई बाकाकडे बघत राहिल्या. बाकाच्या टोकाला मान खालीच होती. भागी नवऱ्याच्या मागून डोंगर चढून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार माणसांनी झोळी अंगणात टेकवली, तेव्हा भागी संपली होती. मूलही. तिचा नवरा सोमा रडला नाही, तो नुसता झोळीचा बांबू हातात धरून उभा राहिला. सर त्याच्यासमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "सोमा, चूक माझी आहे." हौसाबाई ओसरीवर बसून कुणाकडेही न बघता बोलत होत्या. "गेल्या पावसात वर पानी लवकर लागलं हुतं. त्यांची आवनी आखाड लागायच्या आदीच सपली. मी सोता हुते त्यांच्या खाचरात." म्हणजे एका महिन्याचा फरक, भागीचे दिवस खरंच भरले होते. ज्या पावसाचा तक्त्याला पत्ता नव्हता, तो हौसाबाईंनी पायांनी तुडवला होता.

त्या संध्याकाळी मी सरांवर ओरडले. वयाचा, मानाचा काही मुलाहिजा ठेवला नाही. "तुम्ही बोलला का नाहीत? तुमचा नियम मोठा की ती?" सर म्हणाले, "नियमामुळे गप्प नव्हतो, डॉक्टर. मलाही तुमचंच बरोबर वाटलं. मी खुर्चीत असतो तरी तिला घरीच पाठवलं असतं... तुम्हाला ऐकायला शिकवायला निघालो होतो, आणि माझ्या हाताच्या अंतरावर हौसाबाई बोलल्या ते मला ऐकू आलं नाही." हे त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण ते खरं होतं, आणि तेच मला सोसवलं नाही.

त्यानंतर मी दोन महिने राहिले, पण खुर्चीत बसले नाही. 'सहा महिन्यांनी येते' असं सांगून निघाले. पुढे लग्न झालं, देवळाली प्रवऱ्यात स्वतःचा दवाखाना झाला. एस.टी.ने अर्ध्या दिवसाचं अंतर, एकाच जिल्ह्यात, आणि मी एकदाही गेले नाही. सरांची कार्डं येत. 'एक हुशार मुलगा आला होता, पुढच्या परीक्षेसाठी गेला.' 'एक मुलगी आली आहे, टिकेल असं वाटतं.' पुढच्या कार्डात तीही गेलेली असे. माझ्या आधी आणि माझ्यानंतर त्यांनी शिकवलेल्यांपैकी आज त्या डोंगरात कुणीही नाही. आम्ही सगळे चांगले डॉक्टर झालो, हे मात्र खरं. तिथलं शिकून दुसरीकडे फार बरं चालतं. मला त्यांनी एकदाही 'कधी येता' म्हणून विचारलं नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

कार्ड मिळाल्यावर पंधरा दिवसांनी मी गेले. हौसाबाई जास्तच वाकल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. "खुर्चीचा दिस हुता. नाशकाकडनं नवा दाक्तर आल्ता, त्यो खुर्चीत. आपले दाक्तर टोकाला, मान खाली. आमी म्हनलं, आज काय बोलायचे न्हाईत. शेजारची बाई तपासून गेली, दुसरी यून बसली. कुनी हात लावला न्हाई, बाई... हात कसा लावायचा? पाचला मी चा घिऊन गेले. म्हनलं, दाक्तर, घ्या. तवा कळालं." कधी गेले, सकाळी की दुपारी, ते कुणालाही सांगता येत नाही. नवा डॉक्टर आठवड्याच्या आत निघून गेला. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

खोली होती तशीच होती. तक्त्यावरची आवणीची ओळ खोडून सरांनी शेजारी लिहिलं होतं, 'हौसाबाईंना विचारा.' तारीख भागी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची; नंतरचे दोन महिने मी त्या भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. डॉक्टर नसतानाही बाक भरलेलं होतं. टोकाची जागा तेवढी मोकळी, आणि कडेवर तापलेलं मूल घेतलेली एक बाई भिंतीला टेकून उभी. बस म्हटलं तर तिने नुसती मान हलवली. "आलाच हायसा तर बघा की ह्यांना," हौसाबाई म्हणाल्या. मी खुर्चीत बसले. एका पोटुशीने आवणीचं नाव काढलं, तेव्हा तक्त्याकडे न बघता मी हौसाबाईंना विचारलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने. त्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं. आता ते कुणाच्या उपयोगाचं होतं, कोण जाणे.

पाचला त्या चहा घेऊन आल्या. कपबशी सवयीने बाकाच्या टोकाला ठेवली, मग उचलून माझ्यापुढे सरकवली. "उद्या खुर्चीत कोन बसंल, बाई?" त्यांनी विचारलं. उभ्या असलेल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, बाकावरच्यांनी पाहिलं. पाच वाजून गेले होते, म्हणजे सरांच्या नियमाने आता बोलायला हरकत नव्हती. मी काहीच बोलले नाही. चहा संपवला आणि साडेपाचची गाडी धरली.