काठीला हात लावला नाही

आमच्या भावकीत आजही छाती फुगवून सांगतात की, गुडघे गेलेले असताना माझ्या वडिलांनी देवाची काठी एकट्याने देवळापर्यंत पेलली. वर माझ्याच साक्षीचा दाखला देतात. साक्ष खरी आहे. गोष्ट धादांत खोटी आहे. सांगणारे त्या वेळी देवळामागे जिलेबी खात होते. मी पुढच्या दोरावर होतो.

जुन्नरच्या इंग्रजी शाळेत मास्तरांनी ‘सपोर्ट’ या क्रियापदाचे अर्थ आमच्याकडून घोकून घेतले होते: खालून पेलणे, पडू न देणे, पोसणे, पाठीशी उभे राहणे, दुजोरा देणे. एवढी निरनिराळी कामे एकच शब्द कशी करतो, याचे मला नवल वाटे. पुढे जत्रेत ते नवल फिटले.

आळे गावाच्या अलीकडे आमचे गाव. चैत्रातल्या जत्रेला देवाची उंच काठी उभीच्या उभी देवळात न्यायची. एकाने तिचा बुंधा कमरेच्या शेल्यात घेऊन ती पेलायची आणि चौघांनी चार बाजूंनी दोर ताणून तोल राखायचा. पेलण्याचा मान आमच्या घराचा. वाटेत दुसऱ्याचा हात काठीला लागला, तर मान त्याच्या घरी जायचा. म्हणूनच त्या वर्षी वाटेत गुडघ्यांनी दगा दिला तरी वडील शेला सोडायला तयार नव्हते.

देवळाच्या पायऱ्यांवर त्यांचे पाय लटपटू लागले. मी दोर सोडला असता, तर काठी माणसांवर कोसळली असती. तेवढ्यात मागून काका धावले. हे वडिलांचे चुलत भाऊ. बांधावरून दोघांचे बोलणे कधीचेच तुटले होते. त्यांनी वडिलांच्या कमरेला मिठी मारली, आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांमागे रोवले आणि पायरी-पायरीने त्यांना वर चढवले. काठी देवासमोर पोचली.

वडील धापा टाकीत वळले. “हात लावलास! आता मान मागशील, व्हय रं?”

“काठीला न्हाई लावला, दादा,” काका म्हणाले. “तुला लावला.”

गर्दीतून कोणीतरी ओरडले, “पुढल्या साली म्हाताऱ्यालाबी दोर बांधा, राव!” हशा पिकला. वडिलांचा चेहरा काळवंडला. पंचांसमोर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. “ह्यो जवळ व्हता. इचारा त्याला.”

मी खरे तेच बोललो. “काकांनी काठीला हात न्हाई लावला.”

“ऐकलंत?” वडील गरजले. “कुणाचा हात लागला न्हाई. आमी एकट्यानं आणली!”

काकांनी खाली पडलेले आपले पागोटे उचलले, झटकले आणि ते पायऱ्या उतरून गेले. मी दिलेला दुजोरा त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला होता आणि पुढे एक शब्दही जोडायला माझी जीभ वळली नाही. वडिलांची मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाचीच वाटलेली नाही.

पुढल्या वर्षी शेला माझ्या कमरेला बांधला गेला. माझे गुडघे धडधाकट होते. तरी त्याच पायऱ्यांखाली काका येऊन उभे होते. हातांची घडी घातलेली, पण नजर माझ्या पायांवर. काठी वर पोचली तेव्हा सारे गाव माझ्या नावाने ओरडले. मागे वळून त्यांच्याकडे पाहण्याची माझी छाती झाली नाही.