बायकोच्या रेकॉर्डिंगचा निकाल

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतून बोंबलत असायची आणि हा बाहेरून दाराला कान लावून म्हणायचा, "जरा गप्प बसता का? मोटर काय म्हणतेय ते ऐकू द्या."

पण त्याचा खरा दरारा होता तो 'भट्टी' या रॉक बँडच्या चाहत्यांत. ही मंडळी भट्टीचे कार्यक्रम लपूनछपून रेकॉर्ड करायची आणि एकमेकांना वाटायची. वाटण्याआधी मात्र रेकॉर्डिंग कानसेनच्या हाताखालून जायला हवं. तो ऐकायचा आणि दर्जा द्यायचा. अ म्हणजे स्टेजसमोर उभं राहून ऐकल्यासारखं. ब म्हणजे दाराबाहेरून. क म्हणजे शेजाऱ्याच्या घरातून. आणि ड म्हणजे तो शेजारीही घर बदलून गेल्यावर. नियम त्यानंच घातलेले. रेकॉर्ड करणाऱ्याचा स्वतःचा आवाज आला की थेट ड, आणि रेकॉर्डिंगमधलं काहीही कापायचं नाही. रडारड चालायची नाही, ओळखपाळख तर मुळीच नाही.

असा हा कर्दनकाळ त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसला होता. प्लास्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर, कानावर हेडफोन, आणि चेहरा आरोपीचा. कारण समोरचं रेकॉर्डिंग त्याच्या बायकोनं केलं होतं.

झालं होतं असं, की भट्टीचा शेवटचा कार्यक्रम जाहीर झाला आणि त्याच आठवड्यात हा बाथरूममधला बल्ब बदलताना स्टुलावरून पडला. जन्मभर लिफ्टच्या खोल विहिरीत लोंबकळलेला माणूस, दीड फुटांवरून पडून पाय मोडून बसला. बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असायची. भट्टीचं संगीत म्हणजे तिच्या मते भांड्यांची मांडणी कोसळणं. पण नवऱ्याचं तोंड पाहवेना, तेव्हा ती म्हणाली, "मी जाते. आणा ते यंत्र इकडे. कुठलं बटण दाबायचं तेवढं सांगा." कार्यक्रमाच्या दारात सगळ्यांचे फोन काढून घेतले. हिनं रेकॉर्डर चष्म्याच्या डबीत घालून नेला. म्हणजे त्या कार्यक्रमाचं अख्ख्या दुनियेत एकच रेकॉर्डिंग होतं, आणि ते या टेबलावर होतं.

शेजारी दुसरा हेडफोन लावून पोस्टमन बसला होता. सगळ्या चाहत्यांना रेकॉर्डिंग पोचवायचं काम त्याच्याकडे, सवयीनं. पण आज तो निव्वळ त्या कामासाठी आला नव्हता. मागच्या वर्षी ऐन बासरीच्या जागी तो खोकला होता म्हणून कानसेननं त्याला ड दिला होता. आज तो न्याय बघायला आला होता.

"सुरुवात छान आहे," कानसेन सावधपणे म्हणाला. "ड्रम स्वच्छ येतोय."

"हात वर धरून उभी होते," बायको मटार सोलता सोलता म्हणाली. "दोन तास. खांदा अजून ठणकतोय."

तेवढ्यात हेडफोनमध्ये, गिटारच्या पहिल्याच मोठ्या तुकड्यावर, तिचा स्वच्छ, खणखणीत आवाज आला: 'अहो, तुम्ही हसलात ना, तेव्हा दिसली. अक्कलदाढ तिरकी येतेय तुमची. दाखवून घ्या.'

पोस्टमननं ओठ घट्ट मिटले. कानसेन छताकडे बघू लागला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. जरा... गर्दी आहे."

पुढच्या गाण्यात त्या अक्कलदाढवाल्यानं तिला विचारलं, की ताई, तुम्ही एकट्याच का? आणि मग जे सुरू झालं ते तीन गाणी थांबेना. 'आमच्या ह्यांना आवड. पण खरं सांगू का? ह्यांनी एकही कार्यक्रम ऐकलेला नाही. तिथे गेले की त्या यंत्राचा काटा बघत बसतात. टाळी वाजवायची नाही, शिंकायचं नाही. घरी आले की मग ऐकतात. अहो, लग्नात जेवायचं सोडून डबा भरून आणण्यातली तऱ्हा!'

पोस्टमनचे खांदे हलायला लागले. "कानसेन," तो कसाबसा म्हणाला, "हे सगळ्यांना पाठवायचंय ना?"

रेकॉर्डर लॅपटॉपला जोडलेला होता; कानसेनचं बोट हळूच कापायच्या बटणाकडे सरकलं.

"आं आं!" पोस्टमन ओरडला. "काहीही कापायचं नाही. नियम कुणाचा?"

"अहो, कापा की," बायको म्हणाली. "माझं बोलणंच आहे ना? मी कुठे गात होते! कापा आणि खुशाल द्या."

हे म्हणजे आयतं सुटायचं दार होतं. बोट बटणावर टेकलं, आणि नेमकं तेव्हाच ते संथ गाणं लागलं. मागे चारसहा पोरं आरडाओरडा करत होती. बायकोचा आवाज आला, दवाखान्यात रांग मोडणाऱ्यांसाठी ठेवणीतला: 'ए, गप्प बसा रे! आमच्या ह्यांना हे नीट ऐकायचंय!' आणि काय सांगावं, ती पोरं गप्प झाली. त्यांच्या पुढची गप्प झाली. शांतता अशी पसरत गेली की शेवटी स्टेजवरून गायकच म्हणाला, 'काय झालं तिकडे?'

'आमच्या ह्यांचा पाय मोडलाय!' बायको ओरडली. 'तुमचं अडवत नाही, तुम्ही गा!'

सगळं मैदान हसलं. गायकही हसला. मग म्हणाला, 'बरं. हे गाणं घरी पाय वर करून बसलेल्या त्या माणसासाठी.'

कानसेननं बोट उचललं. तरुणपणापासून ज्याच्या आवाजातला श्वास न् श्वास त्यानं मोजला होता, त्या गायकानं त्याच्या पायाची दखल घेतली होती. आता एक अक्षरही कापणं शक्य नव्हतं. आणि कापायचं नाही, तर दर्जा एकच होता.

गाणं संपलं. दोघांनी हेडफोन काढले. पोस्टमन खुर्ची ओढून पुढे सरसावला. बायकोनं मटाराची शेंग तशीच हातात धरली. "बोला. आणि माझं तोंड बघून बोलू नका."

"गिटार चांगली आली आहे," कानसेन म्हणाला.

"निकाल."

"हात अजिबात हललेला नाही. खरंच कमाल आहे."

"अहो, निकाल!"

कानसेननं हेडफोन टेबलावर ठेवला. "ड."

पोस्टमनचा जबडा खाली आला. "वहिनींना ड? अरे, माणूस आहेस की लिफ्ट?"

बायको उठली, मटाराचं ताट घेऊन आत गेली. आतून भांडी वाजली. मग ती बाहेर आली, लॅपटॉपला जोडलेला रेकॉर्डर उपटला आणि पदराआड धरला.

"मग हे बाहेर जाणार नाही. टाकाऊ माल मी लोकांना वाटत नाही."

"वहिनी!" पोस्टमन ताडकन उभा राहिला. न्याय कुठल्या कुठे पळाला. "लोक जीव टाकतील हो! अरे, अ देऊन टाक ना. कोण विचारतंय?"

"बघा, भाऊजींना कळतं. अ म्हणा, लगेच देते."

"ब तरी म्हण!" पोस्टमन घायकुतीला आला.

कानसेन घामाघूम झाला होता. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सगळी चाहते मंडळी, आणि पळावं म्हटलं तर पाय प्लास्टरमध्ये. "मी हात जोडतो," तो म्हणाला. "जन्मभर मटार सोलीन. पण तू त्यात पाऊण तास बोलली आहेस गं. ड आहे. ड म्हणजे ड."

बायको फसकन हसली आणि रेकॉर्डर पोस्टमनच्या हातात दिला.

"न्या भाऊजी. मला एवढंच बघायचं होतं. सगळ्या जगाला ड देणारा माणूस मला ब देता, तर मी म्हटलं असतं, हिला काय कळतंय म्हणून कीव केली."

"आणि त्यानं अ दिला असता तर?" पोस्टमननं विचारलं.

"तर दुसराही पाय मोडला असता."

पोस्टमननं रेकॉर्डर छातीशी धरला. निघणार तेवढ्यात बायको म्हणाली, "थांबा. मला ऐकवा आधी."

"तू तर तिथंच होतीस!" कानसेन म्हणाला.

"होते, पण बोलत होते ना. ऐकायला वेळ कुठे मिळाला?"

कानसेननं पोस्टमनकडून रेकॉर्डर घेऊन पुन्हा लॅपटॉपला जोडला, हेडफोनची वायर उपटली आणि गाणं लावलं. भट्टी सगळ्या खोलीत घुमली, कपबशा थरथरल्या, आणि पोस्टमन मुकाट्यानं पुन्हा खुर्चीवर बसला. बायको दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकू लागली.

"आता लक्ष दे हं," कानसेन तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "इथं बेस गिटारवाला एक स्वर चुकणार आहे, आणि पुढं—"

"अहो," बायको म्हणाली, "ड मिळवायचाय का तुम्हाला?"