देवाआधीचा घास

आज सकाळी झरीला, माझ्या गावी, आमच्या अंगणात मी कॅमेऱ्यासमोर चूल पेटवली, मित्रांनो.

तुम्हाला माहीत आहेच, दुबईला मी भांडी घासायला गेलो, मग आचारी झालो आणि आता तिथल्या चॅनलवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करतो. गावच्या नव्या तांदळाचा भात दाखवायचं मीच सुचवलं होतं. पूजा झालेली असेल असं धरून चाललो. पण पूजा करणारा भगत आजारी पडला आणि गावदेवाची पूजा पुढे गेली. देवाला दाखवल्याशिवाय आम्ही नवं धान्य तोंडात घालत नाही.

भात शिजला. दिग्दर्शक म्हणाला, “सर, एक घास खा आणि छान हसा. इथे कोण बघतंय?”

ओटीवरून काका म्हणाले, “टीव्हीवाला झालास रं, पण देवाला तू आधीपासून दिसतोस.”

माझा नवा करार याच भागावर अडलाय. तो गेला तर या वयात पुन्हा भांडी घासायची? देवाची भीती वेगळीच. तुम्ही काय केलं असतं?

मी हातातला घास परत ताटात ठेवला आणि कॅमेरा चालू असतानाच सांगितलं, “हा भात आज मी खाणार नाही.”