बोटांना कळणारी मिशी

माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी मी त्याच्या केसांकडे बघते. सवय वाईट आहे, पण आता ती जायची नाही. एसटीत पुढच्या सीटवरच्या बाईचा भोवरा कुठल्या बाजूला फिरतो, कंडक्टरच्या मिशीत मधोमध फट का आहे, नवरदेवाने केसांना रंग कुठे लावला आणि कुठे विसरला, हे मला आधी दिसतं. नाव-गाव मागून. सांगलीत नाटकांचे टोप आणि मिशा करायचा आमचा धंदा. वडिलांनी तो सुरू केला, भावाला त्यात रस नव्हता आणि मला नको इतका होता. हल्ली नाटकं कमी झाली, पण शाळांची गॅदरिंगं असतात, आणि सांगली-मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळे केमोने केस गेलेल्या बायकाही टोपासाठी येतात.

दवाखान्यांच्या या जाण्या-येण्यातूनच शवागारात काम करणाऱ्या एका गृहस्थांची ओळख झाली. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. एका बाईचं डोकं ऑपरेशनसाठी भादरलं होतं आणि ती त्यातच गेली. तिच्या माहेरच्यांना तिला मळवट भरून, अंबाडा घालूनच पाठवायचं होतं. मामांनी मला बोलावलं. मी गंगावनाचा अंबाडा बांधून तिच्या पदराखाली नीट बसवून दिला. घरी आल्यावर प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, भीती नाही वाटली? मला राग आला. मला वाटलं होतं कुणीतरी विचारेल की तो अंबाडा टिकला कसा, कारण डोक्यावर एक केस नसताना अंबाडा बसवणं ही काही सोपी गोष्ट नव्हे. पण ते कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, उन्हाळ्याच्या तोंडाला, एक माणूस सकाळीच दुकानात आला. चाळिशीचा, उंच, डोक्याला पांढरी टोपी, आणि ओठावर अशी मिशी की माझी नजर तिथेच अडकली. “नाटकाच्या मिशा करता त्या ताई तुमीच का?” त्याने विचारलं. मी विचारलं, कुठलं नाटक? तो म्हणाला, नाटक नाही, वडील वारलेत. मामांनी पत्ता दिला होता.

तो माण तालुक्यातला. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेतीही. वडिलांना दम लागला म्हणून सांगलीला आणलं, तर तोंडातून नळी घालावी लागली. नळी हलू नये म्हणून ती चिकटपट्टीने गालाला आणि ओठाला चिकटवतात, आणि मिशीवर पट्टी धरत नाही. त्यामुळे मिशी काढली गेली. काढताना कुणी त्याला विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तो नको म्हणाला नसता, असं त्यानेच सांगितलं. आदल्या संध्याकाळी वडील गेले. बहिणीचा नवरा फौजेत, ती लांबून येत होती, म्हणून प्रेत थंडीत ठेवलं होतं. दुपारी गावाकडे न्यायचं होतं.

मी म्हटलं, लोक समजून घेतील हो, दवाखान्यात असं होतंच. तो म्हणाला, लोकांचं काही नाही. प्रश्न आईचा आहे.

आईची दृष्टी काचबिंदूने गेलेली. नवऱ्याला ती हातानेच बघायची. तो रानातून आला की आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवायची आणि मग भाकरी थापायला बसायची. फोनवर तिला बातमी सांगितली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि रडली नाही. शेजारच्या बायकांनी हंबरडा फोडला तर त्यांना गप्प केलं. हाताने बघितल्याशिवाय मी त्याला गेला म्हणणार नाही, असं तिचं म्हणणं. बांगड्यांना हात लावू देत नव्हती. “आईचा हात मिशीवर जाणार पयला,” तो म्हणाला. “तितं मिशी घावली न्हाई तर ती म्हणंल, कुणाचा तरी माणूस आणलासा. ती रडायचीच न्हाई, ताई. तशीच बसून ऱ्हाईल.”

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. फोटो जत्रेतला, कपाळावर भंडारा, मिशीला झकास पीळ. जत्रेतल्या फोटोवर विश्वास ठेवू नये हे मला धंद्याने शिकवलंय. रोजची मिशी कशी होती ते मी विचारलं. दोन्ही टोकं खाली पडलेली, डावीकडे तंबाखूची गोळी धरायचे म्हणून तिकडची बाजू जरा झिजलेली, आणि पाकिटातल्या रंगाने काळीभोर केलेली. म्हातारपण सगळीकडे आलं तरी मिशीवर येऊ द्यायचं नाही, हा त्या भागातल्या पुरुषांचा अलिखित नियमच आहे.

मी कपाट उघडून जाळीवर विणलेली एक तयार मिशी काढली. चांगली भरदार. त्याने ती घेतली, बघितलीही नाही, नुसती अंगठा आणि बोटात धरून चोळली आणि परत दिली. “ही बोकडाची हाय.”

मला जरा लागलंच. ती मिशी लावून किती सरदार रंगमंचावर गरजले आणि एकालाही ती बोकडाची आहे हे कळलं नव्हतं. पण ती बोकडाचीच होती. बोकडाचा केस ताठ राहतो, पीळ धरतो, दहाव्या रांगेतून रुबाबदार दिसतो. तो म्हणाला, त्यांच्या घरात लहानपणापासून सगळे मेंढरांच्या कातरणीला बसतात, आणि आईला तर नुसत्या बोटाने कळतं की लोकर पोटाखालची आहे की पाठीवरची. “ही लावली तर म्हणंल, माझ्या नवऱ्याचं बोकड केलंसा व्हय.” एवढ्या दुःखातही तो हे बोलताना किंचित हसला, आणि मलाही हसू आलं.

मग माझं डोकं चालायला लागलं. डोळ्यांसाठी मिशी करायची तर मी झोपेतही करीन. पण बोटांसाठी? टोपाला वापरतात तो माणसाचा केस माझ्याकडे होता. त्याचा झुबका तळहातावर ठेवून मी डोळे मिटून बोट फिरवलं. मऊ, रेशमासारखा, बाहुलीचा. मिशीचा नव्हेच. मी आतल्या खोलीतून भावाला हाक मारली, त्याला खुर्चीवर बसवलं आणि डोळे मिटून त्याची मिशी चाचपली. त्याला वाटलं मला वेड लागलंय. पण मला हवं ते कळलं. डोक्याचा केस पडतो, मिशीचा केस उभा राहतो. तो जाड असतो, त्याला कड असते आणि ती बोटाला लागते. डोक्याचा केस कितीही कापला तरी तो मिशीचा होत नाही. म्हणजे मिशीला मिशीच हवी होती, आणि मिशा काही कुणी विकायला आणत नाही. हे सगळं मी त्याला बोलून दाखवलं.

तो म्हणाला, “माजी घ्या.”

खरं सांगायचं तर तो दुकानात शिरला तेव्हाच मी त्याची मिशी नजरेने मापून ठेवली होती. पण असं काही मागायचं कोणत्या तोंडाने? त्यांच्याकडे बाप गेल्यावर मुलगा डोकं आणि मिशी दोन्ही उतरवतो, पण दहाव्याला. ओढ्यावर, न्हाव्यापुढे, सगळ्या भावकीच्या साक्षीने. त्याआधी नुसतीच मिशी काढलेला माणूस म्हणजे अशुभ आणि शिवाय थट्टेचा विषय. मी त्याला म्हटलं, भावकी काय म्हणेल? तो म्हणाला, म्हणू दे.

मी ती वस्तऱ्याने काढली नाही. कात्रीने, त्वचेला लागून, बारीक बारीक झुबके कापले आणि प्रत्येकाच्या मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला. केसाला दिशा असते. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर तो गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवलं तर खरखरीत. रंगमंचावर एखादा झुबका उलटा लागला तर बिघडत नाही, पण लोकर निवडण्यात जिचा जन्म गेला तिला तो उलटा केस लगेच सापडला असता. उरलेले खुंट त्याने माझ्या आरशापुढे उभं राहून स्वतःच भावाच्या वस्तऱ्याने साफ केले. टोपीखालचे दाट केस तसेच होते. मिशीविना तो अगदी पोरसवदा दिसत होता. आरशात बघून त्याने मान खाली घातली आणि आपण निघू या म्हणाला.

शवागारात मामांनी वडिलांना बाहेर काढून ठेवलं होतं. थंडीतून बाहेर आलेल्या त्वचेवर दव धरतं, आणि दवावर मिशी चिकटवायचा स्पिरिट गम धरत नाही. ओठ पुसला की परत ओला व्हायचा. वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. शेवटी तो कोरडा राहिला तेव्हा स्पिरिटने पुसून घेतला, गमाचा पातळ हात दिला आणि तो बोटाला चिकट लागेपर्यंत थांबले. मग खालची ओळ आधी, कोपऱ्याकडून नाकाकडे. तिच्यावर दुसरी, मग तिसरी, छप्पर शाकारताना पेंढ्या लावतात तशी. नाकाखालचा भाग सगळ्यात शेवटी. नटांचा वरचा ओठ सारखा थरथरतो, कुणाला शिंक येते, कुणाला गुदगुल्या होतात, म्हणून काम करताना मी बोलत राहते. इथेही सवयीने “हलू नका हं काका” असं म्हणून गेले. मामा खाकरले. मला लाज वाटली नाही. मला त्या क्षणी ते काका समोर बसलेलेच वाटत होते.

डावी बाजू जरा विरळ ठेवली, टोकं खाली वळवली आणि बाजूला झाले. मुलगा जवळ आला, बघितलं आणि टोपी सारखी करत बाहेर निघून गेला. मी समजले की जमलंय.

मला त्यांच्याबरोबर जायचं काही कारण नव्हतं. घरी मी सांगितलं की उन्हात गम सुटला तर कुणीतरी हवं. ते खोटं नव्हतं, पण खरं म्हणजे मला बघायचं होतं की ती बोटं फसतात का. आगाऊपणाच तो. विटा, मायणी करत आम्ही त्यांच्या वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अंगण माणसांनी भरलेलं आणि आवाज कसलाच नाही. इतकी माणसं जमूनही कुणी रडत नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं. बायका पदर तोंडाला लावून भिंतीपाशी बसलेल्या त्याच्या आईकडे बघत होत्या. हिरव्या बांगड्यांचे हात मांडीवर, पाठ ताठ.

प्रेत खाली ठेवलं. मुलाचा चुलता पुढे आला आणि मुलाच्या ओठाकडे बघून जागीच थांबला. “दहावा आजच घातलास व्हय रं?” तो हळू बोलला, पण ते सगळ्यांनी ऐकलं. मिशीला मिशीच हवी हे मी म्हटलं होतं आणि बोलणी तो खात होता.

सुनेने आईला हाताला धरून आणून बसवलं. तिने आधी कपाळ चाचपलं, मग भुवया, मग नाकाचा शेंडा. मग तिचं बोट मिशीवर गेलं. नाकाखालून कोपऱ्यापर्यंत, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडच्या विरळ जागेवर ती थांबली. मग तिने एक झुबका अंगठा आणि बोटात धरून चोळला, अगदी सकाळी तिच्या मुलाने चोळला होता तसा.

“माणूस त्योच हाय,” ती म्हणाली. “केस त्याचा न्हाई.”

तिने दुसरा हात पुढे केला आणि मुलाला जवळ बोलावलं. तो गुडघ्यांवर बसला. तिने त्याची टोपी सरकवून डोक्यावरून हात फिरवला. केस होते. मग हात खाली आला, ओठावर. तिथे काहीच नव्हतं. डोक्यावर केस आणि ओठ मोकळा, असं त्यांच्याकडे कधीच होत नाही, आणि तिला ते कळायला एक क्षण पुरला. एक हात नवऱ्याच्या ओठावर आणि एक मुलाच्या ओठावर, अशी ती बसून राहिली. चुलता दहाव्याबद्दल पुन्हा काहीतरी बोलायला लागला.

“भावजी, गप ऱ्हावा,” ती म्हणाली. “ज्याचं त्यानं ज्याला द्यायचं त्याला दिलंय.”

मग ती नवऱ्याच्या तोंडावर वाकली आणि दोन्ही हातांनी मिशीची टोकं सारखी केली, रोज करत असेल तशी. मला गम आठवलाच नाही.

“आवं,” ती त्याला म्हणाली, “लेकाची मिशी लावून चाललायसा की तुमी.”

आणि मग ती रडली.