मशीनचा शेवटचा जबाब

मशीन मरताना खरं बोलते, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल! ऐकतं कोण? मशीन अडली की आपल्याकडं पहिला हात बटणाकडं जातो. बंद करा, चालू करा. विहिरीवरची मोटार असो नाहीतर कॉम्प्युटर, औषध एकच. आणि मला नेमका तिथंच राग येतो.

कॉम्प्युटरमध्ये कर्नल म्हणून एक मूळ प्रोग्रॅम असतो. बाकीचा सगळा कारभार त्याच्या जिवावर. तोच कोसळला तर पडदा काळा होतो, आणि आपण कशानं मेलो ते तो पांढऱ्या अक्षरांत लिहून जातो. ती अक्षरं वेळेत टिपली तर दुखणं सापडतं. बटण दाबलं की गेली. चांगल्या मशीनवर ती आपोआप साठवून ठेवायची सोय करता येते, पण आमच्या मशीनला रोजच्या कामालाच मेमरी पुरत नव्हती, तर ही चैन कुठली!

ती मशीन लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. मी मूळचा हदगावचा, पोटासाठी तिकडं मशीन दुरुस्तीच्या कामाला गेलेलो. दुष्काळ असा की नळाला नुसता फुसफुस आवाज यायचा. आणि गावात चर्चा काय, तर आपला तालुका आता जिल्हा होणार! एका हॉटेलवाल्यानं तर पाटीवर आधीच 'जिल्हा' रंगवून घेतलं होतं. त्या होणाऱ्या जिल्ह्यासाठी म्हणून कुठल्यातरी ऑफिसातून उतरलेली जुनी मशीन आणली, पत्र्याच्या खोलीत बसवली, आणि तिच्यावर टँकरच्या पावत्या निघायला लागल्या. पावती दाखवल्याशिवाय टँकर भरून मिळत नसे.

दुपारच्या पाळीला आपा बसायच्या. लातूरच्या जुन्या मुसलमान घरातल्या, वयानं माझ्यापेक्षा थोरल्या. सगळे ड्रायव्हर त्यांना आपाच म्हणत. अंथरुणाला खिळलेले वडील आणि क्लासला जाणारी लेक, असं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. सकाळी आमच्या ऑफिसच्या साहेबांचा मेव्हणा बसायचा, तेव्हा मशीन गरीब गाईसारखी चाले. आपा बसल्या की कधी ना कधी आडवी पडायची. साहेबांनी तर्क लावला, बाई काहीतरी भलतंच दाबते. म्हणाले, "आता एकदा जरी बंद पडली, तरी बाई घरी."

दोष आपांचा नाही, याची मला खात्री होती. पण नुसत्या खात्रीला कोण विचारतं? पुरावा पाहिजे. आणि दर वेळी मी पोचेपर्यंत कुणीतरी बटण दाबून मोकळं झालेलं असायचं. आपांच्या फोनला कॅमेरा नव्हता. मी त्यांना बजावलं, "आता पडली की कुणाला हात लावू देऊ नका. मला फोन करा, मी येऊन फोटो काढतो."

"हाव भाई," हसून म्हणाल्या, "बटणावर बसूनच राहते मी."

एका दुपारी मी शेजारच्या गावात असताना फोन आला. "भाई, गेली. काळी झाली." "हात लावू नका!" असं ओरडलो आणि गाडीला किक मारली.

इकडं काय झालं ते मला मागाहून कळलं. टँकरची रांग रस्त्याला भिडलेली. ड्रायव्हर खिडकीचे गज धरून ओरडायलेले. आपांनी कागद घेऊन अक्षरं उतरवायला सुरुवात केली, पण ती सगळी इंग्रजी आकड्या-अक्षरांची खिचडी, दोन-चार ओळींतच हात थकला. एक ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "आपा, आमच्याकडं परवापसून टँकर न्हाई. आजबी न्हाई गेला तर बाया मला उभा चिरतेत." आपांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा रांगेकडं पाहिलं, आणि बटण दाबलं.

मी पोचलो तर मशीन चालू आणि आपा पावत्या देऊन राहिलेल्या. माझं डोकंच फिरलं. "आपा, काय केलंत हे! आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला!"

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "भाई, तुमची अक्षरं पिऊन कुणाची तहान भागती का?"

लई मोठी माणसं पाहिली मी, भाषणं ठोकणारी. पण त्या घामेजल्या बाईपुढं मला हात जोडावेसे वाटले.

संध्याकाळी साहेब नव्या जिल्ह्याच्या बैठकीतून आले. त्यांना सगळं आधीच कळलेलं. "बाई, उद्यापासून येऊ नका." आपांनी डबा पिशवीत घातला. तेवढ्यात तोच ड्रायव्हर पुढच्या खेपेच्या पावतीसाठी खिडकीत उभा राहिला.

"आपा, वाचलो बगा! उशीर का केला म्हून बाया अंगावर आल्या. मग फोटो दावला."

"कसला फोटो?" मी विचारलं.

"मशीन मेल्याचा. आमी समद्याचा काढताव. टायर बसलं तर टायराचा. फोटोबिगर गावात कोण इस्वास ठेवतंय?"

मी त्याच्या हातातून फोन हिसकावलाच. मधोमध खिडकीचा गज, कोपऱ्यात त्याचा अंगठा, पण अक्षरं स्वच्छ! बिघाड मेमरीत होता, आत बसवलेल्या मेमरीच्या पट्ट्यांपैकी कुठली तेही लिहिलेलं. आणि एक ओळ अशी होती, की हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, यंत्राचाच आहे. ती ओळ मी साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवली, मग पुन्हा वाचली. दुपारी पत्रा तापला की ती पट्टी दगा द्यायची. मेव्हण्याच्या वाट्याला सकाळचा गारवा, आपांच्या वाट्याला दुपारची भट्टी. एवढंच!

साहेबांनी फोटो मोठा करकरून पाहिला. मग आपांना विचारलं, "हा फोटो काढतोय हे तुम्हाला माहीत होतं?"

"न्हाई, साहेब."

"मग नोकरी जाणार हे ठाऊक असून बटण दाबलंच कसं?"

"बोटानं, साहेब." आपांनी पिशवीतला डबा काढून परत टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली. "चला, पुढचा नंबर."

ड्रायव्हरनं पावती घेतली, पण खिडकीतून हलेना. फोन वर धरून म्हणाला, "आपा, जरा इकडं बगा. न्हाईतर गावात सांगून कुणाचा इस्वास बसायचा न्हाई."